वितीला दोन बोटं कमी

"ही पक्कड हाय का भुवया उपटायचा चिमटा?"

हा आवाज मथुराबायचा. खाडीकाठच्या नवापूरची मथुराबाय, एका बोटीची मालकीण. बोट तिचा नवरा चालवायचा, म्हणजे तो तांडेल; बाजार ती सांभाळायची. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत पक्कड हवेतून आली, माझ्या काउंटरवर आपटली, तिथून वजनकाट्याच्या पारड्यात उसळली आणि दीड इंची खिळ्यांच्या डब्यात जाऊन तोंड लपवून बसली. दुकानात सात गिऱ्हाइकं होती, त्यातली पाच न सांगता बाहेर गेली. बोईसर स्टेशनात सिग्नलला उभी असलेली मालगाडी सिग्नल न घेताच सुटली, असं लोक सांगतात. मी आपलं ऐकलेलं पुढे सांगतो.

"शेट, दीड तासापूर्वी तुमीच बोललात ना, फॉरेनची हाय, नाक लांब हाय, बाय तू डोळे झाकून ने? नेली. डोळे झाकून नेली. हिचं नाक वरच अडकलं आणि धक्क्यानं नट आनखी बोटभर आत ग्येला! आमचा तांडेल सकाळपासून इंजिनात वायर घालून उबा हाय. बारा वाजता भरती. पानी चढलं का बोट हालनार, बोट हालली का नट पोटात पडनार. मग मी काय करू? तुमचं नाक घालू आत?"

मथुराबाय एकदा सुरू झाली की दहा मिनिटं थांबत नाही. तेवढ्यात वाचकांना पक्कड म्हणजे काय ते सांगून घेतो. संपादकांनी मला 'हार्डवेअरच्या दुकानातले अनुभव' असा विषय दिला आहे आणि लेख उद्बोधक हवा असं वर बजावलं आहे. तर उद्बोध आधी उरकू.

मी मूळचा घिवलीचा. आमची माडांची वाडी होती. सत्तरच्या दशकात बोईसरला कारखाने उभे राहू लागले तेव्हा मी माड सोडून खिळे धरले. स्टेशनाजवळ दहा बाय बाराचं दुकान. त्यात काय नव्हतं ते विचारा. हत्ती बांधायची साखळी होती, हत्ती नव्हता एवढंच. आणि पकडींचा तर असा साठा की मुंबईचे व्यापारी माझ्याकडे बघायला यायचे. विकत काही घ्यायचे नाहीत, पण यायचे.

साधी पक्कड सगळ्यांना ठाऊक असते. घरोघर ती एक असते आणि हवी तेव्हा सापडत नाही. पण जिथे बोट पोचत नाही तिथे पोचायला असते लांब चोचीची पक्कड. आमचे उत्तरेकडचे फिटर तिला 'लंबी नाकवाला प्लास' म्हणायचे. ती घेताना तीन गोष्टी बघायच्या. एक, उजेडाकडे धरून तोंड मिटायचं. दोन्ही टोकं आधी एकमेकींना भेटली पाहिजेत. टोकांत फट आणि मुळाशी गळाभेट असेल तर ती पक्कड कसलीही वस्तू पकडणार नाही, नुसती वस्तूला भेटून येईल. दोन, सांध्याचा खिळा हलवून बघायचा. डुगडुगला तर परत ठेवायची. तीन, मनगटावरचा एक केस टोकात धरून ओढायचा. आला तर पक्कड खरी. तीस वर्षांत मी इतक्या पकडी तपासल्या की माझं डावं मनगट आजही तान्ह्या बाळासारखं गुळगुळीत आहे.

आणि चौथी गोष्ट. खरं म्हणजे ती पहिलीच. पण ती मला उशिरा कळली, म्हणून या लेखातही उशिराच येईल.

आता गिऱ्हाइकं. माझी एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. तोंड खोटं बोलतं. पायात लोखंडी टोकाचे बूट असले की कारखान्यातला फिटर: त्याला दणकट माल, गप्पा नाहीत. पॉलिश केलेले काळे बूट असले की साहेब: त्याला खोक्यातला माल, वर इंग्रजी छापलेलं. टायरच्या चपला असल्या की मासवणकडचा शेतकरी: त्याला एकच पक्कड द्यायची, तो ती नातवाला देऊन जाईल. आणि अनवाणी पाय असले, तर त्याला चकचकीत माल. कारण अनवाणी माणसाला हत्यारातलं काय कळतं, असं माझं तेव्हाचं ज्ञान. ते मी एवढ्या आत्मविश्वासानं बाळगलं होतं की कुणी विचारलं असतं तर त्यावर व्याख्यान दिलं असतं. कुणी विचारलं नाही, तरी अधूनमधून द्यायचो.

पॉलिशवाल्या बुटांतले एक सुपरवायझर होते. नाव नाही सांगत, त्यांची मुलं आता मोठी झालीत. त्यांना 'घर आणि गॅरेज, दोन्हीकडे चालेल अशी' लांब चोचीची पक्कड हवी होती. गॅरेज म्हणजे त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्याखालची जागा, तिथे त्यांची स्कूटर आणि शेजाऱ्यांचं मांजर राहायचं. ओळीनं तीन रविवार ते आले. वहीत रेघा मारून तक्ता केलेला: चोच सरळ की वाकडी, दाते आडवे की उभे, मुठीवरचं प्लास्टिक लाल की पिवळं. एवढी चौकशी त्यांनी जावई शोधताना केली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. तिसऱ्या रविवारी त्यांनी एक पक्कड पसंत केली, तिला मनगट दिलं, केस उपटून घेतला, 'आई गं' म्हणाले आणि घेऊन गेले. सहा महिन्यांनी त्यांच्या सौभाग्यवती दुकानात आल्या. मी विचारलं, "वहिनी, पक्कड कशी काय?"

"छान आहे हो. पापड भाजायला अगदी बरी पडते. आणखी एक द्या, जाऊबाईंना हवीय."

तेव्हापासून त्या जातीच्या पकडी मी पापडांच्या मोसमात पुढे मांडायचो.

पण माझ्या दुकानाची खरी शान होती ती विक्रीला नव्हती. काउंटरच्या मागे, गणपतीच्या तसबिरीखाली, एका खिळ्यावर ती टांगलेली असायची. सव्वा फूट लांब, बगळ्याच्या मानेसारखी बारीक, आणि तिला सांधे दोन. नेहमीची पक्कड कात्रीसारखी असते. मूठ उघडली की अख्खं नाक फाकतं, अरुंद भोकात गेल्यावर तिला तोंड उघडायला जागाच राहत नाही. हिचं तसं नव्हतं. मूठ इथे दाबा, मान जागची हलणार नाही, तिकडे टोकाला फक्त तोंड उघडेल. एका भंगारवाल्यानं ती मला दिली होती. तो म्हणाला, कुठल्याशा बोटीवरची आहे. मी लोकांना सांगायचो, पाणबुडीवरची आहे. हिच्यानं मी कॉलनीतल्या बेसिनमधून अंगठी काढली आहे, मासवणला पंपाच्या पाइपातून बेडूक काढला आहे आणि एकदा एका स्कूटरच्या हेडलाइटमधून नाग काढला आहे. नाग तेव्हा हातभर होता. दिवाळी अंकात लिहितोय म्हणून अडीच हात करतो.

रोज सकाळी गणपतीला उदबत्ती ओवाळली की एक फेरी पकडीलाही. कारखान्यांतले फिटर विचारून विचारून थकले, पण मी ती दिली नाही. रामबचन नावाचा एक फिटर तर म्हणायचा, "सेठ, यह प्लास नहीं, आपकी लड़की है. न बेचते हो, न ब्याहते हो."

तर ही पक्कड खिळ्यावर. आणि समोर मथुराबाय. तिची दहा मिनिटं आता संपत आली.

त्या दिवशी नारळी पौर्णिमा. पावसाळाभर खाडीत टेकलेल्या बोटी दुसऱ्या दिवशी दर्यात जायच्या होत्या. आदल्या दिवशी सगळे इंजिनं तपासतात, तसं मथुराबायच्या नवऱ्यानं, धाकू तांडेलनं, सकाळी वरचं टोपण उघडलं. नट आवळताना एक हातातून सुटला आणि आतल्या अरुंद भोकात गेला. तळाला गेला नाही, मध्ये एका कडेवर अडकला. टॉर्च मारला की डोळे मिचकावायचा. तो तळाला पडला तर इंजिन चालू करता येत नाही. ते बोटीतून उचलून उलटं करावं लागतं, त्याला चेनपुली, सहा माणसं आणि तीन दिवस लागतात. आणि बोट पहिल्या दिवशी गेली नाही, तर खलाशी काय तीन दिवस किनाऱ्यावर बसून भजनं म्हणतात? ते दुसऱ्या बोटीवर चढतात आणि मोसमभर तिथेच राहतात. म्हणजे एका नटापायी अख्खा मोसम. लोहचुंबक सोडून पाहिला. तो नट सोडून इंजिनालाच मिठी मारून बसला, त्याला सोडवण्यात अर्धा तास गेला. मग धाकूनं वायरीचा आकडा करून नटाखाली धरला आणि बायकोला बोईसरला पिटाळलं.

सकाळी नऊला मी दुकान उघडत होतो तेव्हा ती पहिल्यांदा आली. मी रिवाजाप्रमाणे पाय पाहिले. अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. निकाल लागला.

"शेट, बारीक नाकाची पक्कड द्या. इंजिनात नट पडलाय." असं म्हणून तिनं कमरेची एक काडी काढून काउंटरवर ठेवली. माडाच्या झावळीची हीर, आपल्या खराट्यात असते ती. "येवढं—"

"बाय, तू सांगू नको, मी सांगतो," मी म्हणालो. नाश्त्याला पोहे खाल्ले होते आणि त्यातलं खोबरं दाढेत बसलं होतं. काडी समोर होतीच. मी ती उचलली आणि दाढ कोरत कोरत तिला पकडींचं शास्त्र सांगितलं: टोकांची भेट, सांध्याचा खिळा, मनगटाचा केस. ती दोनदा तोंड उघडायला गेली. दोनदा मी काडीचा हात वर करून तिला थांबवलं. मग पापडवाली पक्कड काढली. सहा इंची, लाल मुठीची, आरशासारखी. खोबरं निघालं. काडी मोडून बाहेर टाकली. समाधानानं म्हणालो, "डोळे झाकून ने."

हे झालं नऊ वाजता. आता साडेदहा वाजले होते.

दुकानात उरलेल्या दोन गिऱ्हाइकांत एक रामबचन होता. खिळ्यांच्या डब्यातून त्यानं ती लाल मुठीची पक्कड काढली, उजेडाकडे धरली, उघडमीट केली. "सेठ, इसका मुँह खुलता बहुत है, काम का कुछ पकड़ता नहीं. आपकी ही दुकान का माल है, इसमें शक नहीं."

मथुराबाय मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या डोक्यावरून गणपतीकडे बघत होती. मला वाटलं, नवस बोलतेय.

"ती काय टांगलीय?"

"ती विकायची नाही, बाय. ती पाणबुडीवरची—"

"मी कुटं मागते विकत? काडा. आणि तुमी चला संगती."

"दुकान कोण बघणार?"

"यो बघेल." तिनं रामबचनकडे बोट केलं. रामबचन तत्काळ काउंटरच्या आत येऊन माझ्या खुर्चीत बसला. तीस वर्षांत ती खुर्ची एवढी शोभली नव्हती, असं मागाहून दोघातिघांनी सांगितलं.

माझ्या स्कूटरवर मागे मथुराबाय, तिच्या मांडीवर आडवी पक्कड, आणि तोंडानं एकच: "जोरात हाना, शेट." रस्त्यातले खड्डे मी त्या दिवशी चुकवले नाहीत, उडवून लावले. एका ठिकाणी स्कूटर इतकी उंच गेली की मला घिवलीतले आमचे माड दिसले. नवापूरला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि खाडीत पाणी शिरायला लागलं होतं.

धाकू तांडेलचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. भला थोरला गडी, इंजिनावर ओणवा, उजवा हात कोपरापर्यंत स्थिर, बोटांत वायर, तोंडात टॉर्च. चार तास असाच. नाकावर माशी बसलेली, ती हाकलायची सोय नाही. शिंक आली तर ती गिळायची. किनाऱ्यावर सगळी आळी जमलेली, पण बोटीवर कुणी पाय ठेवत नव्हतं. पोरांना खेळू देत नव्हते, कुत्र्यांना भुंकू देत नव्हते. बोट चिखलात टेकलेली होती. चिखल ओला झाला होता.

"सरका," मी म्हणालो आणि बाह्या सारल्या. गर्दी बघून मला नेहमीच चेव येतो. "आता बघा हत्यार काय असतं ते."

फळीवरून बोटीत चढलो. माझं तेव्हाचं वजन सांगत नाही, बोटीला ते कळलं. ती थोडी हलली. धाकूच्या घशातून एक आवाज आला. टॉर्च तोंडात असल्यामुळे त्याचे शब्द कळले नाहीत, अर्थ कळला.

मी ओणवा झालो. म्हणजे होण्याचा प्रयत्न केला. पोट मध्ये आलं. तरी पक्कड आत घातली. मान बरोबर गेली, नट दिसला, आणि माझा हात थरथरायला लागला. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दुकानात मनगटाचे केस उपटणारा हा हात, समोर एका माणसाचा अख्खा मोसम कडेवर बसलेला दिसला तेव्हा म्हाताऱ्याच्या मानेसारखा हलू लागला. टोक इंजिनाच्या भिंतीला खट्कन लागलं. नट कडेवर किंचित फिरला. किनाऱ्यावर कुणीतरी बाई 'गो आई' म्हणाली. त्याच वेळी बोटीखालचा चिखल चोखल्यासारखा वाजला. पाणी पोचलं होतं.

"हात काड," मथुराबाय म्हणाली. दुकानातलं 'तुमी' स्कूटरवर कुठेतरी पडलं असावं.

"बाय, याला सवय लागते, हे हत्यार—"

"दे इकडं."

तिनं पक्कड माझ्या हातातून घेतली. उजेडाकडे धरली नाही, केस उपटला नाही. एकदा मूठ दाबून टोकाचं तोंड उघडताना पाहिलं, बस. मग नवऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि पक्कड आत सोडली. जाळ्याचे डोळे विणून आणि बोंबील साफ करून तयार झालेला हात तो. त्याला पकडीचं शास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून तो थरथरत नव्हता. धाकूनं वायर केसभर वर केली. तिनं मूठ मिटली.

बोट हलली.

पक्कड बाहेर आली, तेव्हा तिच्या चोचीत नट होता. एवढासा. हरभऱ्याएवढा असेल. अख्खी आळी ओरडली, कुत्र्यांना भुंकायची मुभा मिळाली. धाकू तांडेलनं टॉर्च तोंडातून काढला, चार तासांची साठवलेली शिंक दिली आणि माशी हाकलली. मग तो खाली बसला आणि आपल्याच उजव्या हाताकडे परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसा बघत राहिला. बोट पाण्यावर आली होती, डोलत होती.

मथुराबायनं नट नवऱ्याच्या हातात दिला, पक्कड पदरानं पुसली आणि कमरेला खोचली. माझी पक्कड. गणपतीखालची. मी तोंड उघडलं होतं, पण तिच्या कमरेला ती अशी बसली होती की तिथलीच वाटावी. मी तोंड मिटलं. पुढे दुकानातल्या त्या खिळ्यावर मी एक पेला टांगला आणि त्यात खराट्याच्या काड्या ठेवल्या. पक्कड मागायला कुणीही येवो, बूट घालून येवो की अनवाणी, आधी त्याच्या हातात काडी. घरी जा, जिथे काय पडलंय तिथे ती घाल, बोटानं खूण कर, काडी तिथे मोड आणि मला आणून दाखव. ती चौथी गोष्ट हीच. लोक म्हणायचे, शेट म्हातारा झाला, पकडीऐवजी काड्या वाटतो. सुपरवायझरसाहेब एक काडी घेऊन गेले, ती मात्र अजून यायची आहे.

पण ते नंतर. त्या वेळी मी बोटीत उभा होतो, भोवती गर्दी, आणि मी काहीच केलेलं नव्हतं. काही न करता गप्प उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. मला आता कुठे, इंजिनात वाकून आल्यावर, कळलं होतं की तो नट किती आत होता. वितीला दोन बोटं कमी. लाल मुठीच्या पकडीचं नाक दोन बोटं. ते ज्ञान माझ्या पोटात मावेना.

मी बोटीच्या कडेवर एक पाय ठेवला, हात वर केला आणि आळीला सांगितलं, "मंडळी, तीस वर्षं हा धंदा करतोय म्हणून सांगतो, नीट ऐका! लांब नाकाची पक्कड घेताना नाक बघू नका, मूठ बघू नका, फॉरेन बघू नका. वस्तू किती खोल आहे ते आधी मोजा! माप घेऊन दुकानात या! माप आणलं नाही, तर दुकानदार बिचारा काय करणार?"

सगळे मथुराबायकडे बघायला लागले. ती इंजिनाच्या टोपणावरचं तेल चिंधीनं पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"काडी दिलेली तुला," ती म्हणाली. "तू दात कोरलेस."